सहाव्या फवाऱ्याची साफसफाई

परम दयाळू अल्लाहचे नाव घेऊन, मी रय्या बिंत खलफान, वय सव्वीस, राहणार हैल अस-सिद्र, ओमान, पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे की, मला कोणताही आजार नाही. हे मुद्दाम नोंदवते, कारण गावात रोज सकाळी माझ्या तब्येतीची चौकशी होते आणि ती सगळीच प्रेमाने होत नाही. निम्म्या गावाला मी मरावे असे वाटते, निम्म्याला जगावे. दोन्ही बाजूंचा जोर सारखाच असल्याने माझ्यावर कोणाचा दबाव नाही असे धरावे.

१. आधी कारण. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने आमच्या डोंगरमाथ्यावर फवारे बसवले. चुनखडीची बारीक भुकटी वर उडते, तिचा पांढुरका पडदा होतो, ऊन परत जाते आणि खाली गारवा येतो. कंपनीला गावाच्या वतीने एक शिकलेली सही हवी होती. आमच्या घरात काय, अख्ख्या गावात पदवीधर मी एकटी. मला पृथ्वी वाचवायची होती. ‘आकाश कोणाचे?’ या प्रश्नावर मी परीक्षेत पाच पाने लिहिली होती, त्यामुळे तो सुटला असे समजून मी सही केली. ही संमती सही करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत मागे घेता येत नाही, हे कलम मी नंतर वाचले.

गारवा खरोखर आला. आईचे हृदय कमकुवत आहे. तीन उन्हाळे ती दुपारी शांत झोपली. हेही इथे लिहिलेच पाहिजे.

२. यंदा रमजानच्या आधी, शाबान महिन्यात कंपनीने सहावा फवारा सुरू केला आणि सावल्या गेल्या. आमच्या पाटाच्या पाण्याची पाळी काठीच्या सावलीवर ठरते. सावली पुढच्या रेघेवर आली की पाणी पुढच्या बागेत. रात्रीची पाळी ताऱ्यांवर. तेही गेले. त्या क्षणी पाळी सुवैदकाकांची होती. ती एकेचाळीस दिवस चालली.

पाटकरी नस्सूर रोज जाऊन सांगत, “सुवैद, पाणी सोड. बावीस बागा करपल्या.”

“सावली रेघेवर आली की सोडतो.”

“अरे, सावलीच नाहीये!”

“म्हणजे माझी पाळी संपलेली नाहीये. नियम तुझ्या आजोबांचा. मी केलाय का?”

“मग घड्याळ बघ!”

“कुणाचं?”

यावर नस्सूर परत फिरत. मागे एकदा घड्याळ लावून पाहिले होते, तेव्हा पाटावर तेवीस माणसे होती आणि तेवीस वेळा. काकांच्या स्वतःच्या खजुरांची मुळे कुजू लागली, तरी ते चिखलात खुर्ची टाकून हक्क राखत बसले.

३. संमती मागे घ्यायची म्हणून मी कंपनीला फोन केला. तिथला अधिकारी म्हणाला, “बाई, आमच्या नोंदीप्रमाणे आपण हयात आहात.”

“दिलगीर आहे,” मी म्हणाले.

“छे छे, अभिनंदन!”

त्या दिवसापासून शेजारच्या मौजाकाकू विचारतात, “घाई नाही हो पोरी, पण साधारण कधीपर्यंत?” आणि आई माझ्या ताटात तिसऱ्यांदा भात वाढते. “खा. तू मेलीस की उन्हाळा येईल.”

आई चुकत नाही. मी मेले तर सहाही फवारे एका दिवसात बंद होतील. तीन वर्षे अडवलेली उष्णता एकदम उतरेल. ती या गारव्यात लावलेल्या नव्या रोपांना सोसणार नाही आणि आईलाही नाही. म्हणून मला मरता येत नाही, आणि नुसते जगणेही योग्य नाही.

४. उपाय सुवैदकाकांनी दाखवला, त्यांच्या नकळत. फवाऱ्यांची देखरेख माझ्याकडे आहे. करारात लिहिले आहे की साफसफाईसाठी एका वेळी एक फवारा बंद ठेवता येईल. साफसफाई कधी संपते, हे लिहिलेले नाही. चार दिवसांपूर्वी मी सहावा बंद केला आणि घासायला बसले. तो फार मळलेला आहे. वर्षभर घासावा लागेल. पुढल्या वर्षी पाचवा मळेल. त्याचे काम सुरू होईपर्यंत सहावा कायमचा नादुरुस्त होईल, आणि चौथ्याचे सुरू होईपर्यंत पाचवा, याची मला खात्री आहे.

५. ब्रश आणि फवाऱ्यांची किल्ली माझी मामेबहीण जुवैना हिला. वर्षाला एकच फवारा बंद करावा, घाई करू नये. माझ्यामागे कंपनीने नवी संमती मागितली तर ठरलेल्या मुदतीपुरतीच द्यावी, कोणी एकट्याने सही करू नये, आणि डोंगरापलीकडच्या सुदैरा गावाला आधी विचारावे.

६. सुदैऱ्यात दोन वर्षे पाऊस नाही. तो आमच्या पडद्यामुळे गेला असे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे गेला नाही, असेही नाही. वडिलांकडून मला अर्ध्या तासाची पाळी मिळाली आहे. शरियतप्रमाणे वारसांखेरीज इतरांना एक तृतीयांशच देता येते, म्हणून दहा मिनिटांचे पाणी सुदैऱ्याला. पाणी डोंगर चढत नाही. ते माझ्या गाढवाने न्यावे. गाढवाला विचारलेले नाही. संमती गृहीत धरण्याची ही माझी शेवटची वेळ.

७. चुलतभाऊ याकूब म्हणाला होता, “शिकून काय आभाळ हलवणार आहेस?” माझे पदवी-प्रमाणपत्र चौकटीसह त्याच्या बैठकीत लावावे.

८. पंखा आईला. आज तिने तो स्वतःच माळ्यावरून काढला, पुसला, आणि म्हणाली, “एका वर्षात एकच ना? मग बघू.”

साक्षीदार :
नस्सूर बिन हिलाल, पाटकरी (सही)
सुवैद बिन मुहन्ना (अंगठा. सही येते, पण हात चिखलाचे आहेत. आत्ताच पाट सोडून आलो.)

स्थळ : हैल अस-सिद्र, सावलीच्या काठीजवळ
दिनांक : ५ शव्वाल
वेळ : सावली चौथ्या रेघेवर. फिकट आहे, पण आहे.

रय्या बिंत खलफान (सही, फक्त स्वतःच्या वतीने)