पांधणीवरची बाभूळ

मोरबी,
१४ नोव्हेंबर २०२४

गुंजन,

तुह्यं म्हणणं मले तवाबी पटलं नव्हतं अन् आताबी पटून नाई राह्यलं. "बाबाले माही गाडी, माहे फोटो, काईच आवडत नाई." किती खेपा म्हणशील? आशीर्वाद लिवाचा राहून गेला, तो घे. फोनवर बाबाचं नाव निघालं का तू कट करते, म्हणून हा कागद. माह्यासंगं कामाले असलेला मुकेश गावाले, नाचणगावले येऊन राह्यला, त्याच्या हाती देतो. अक्षराले हासू नको, आठवी नापास माणूस हाय मी.

इथं बरं हाय. टाईल्सचा हा दुसरा कारखाना. पयल्यातल्या सुपरवायझरशी जमलं नाई, अन् इथंबी मन लागून नाई राह्यलं. माह्या खाटेपाशी तुह्या खंड्याचा फोटो चिकटवला हाय, चोचीत मासोळीवाला. खोलीतला ओडिशाचा पोरगा विचारे, "किसने खींचा?" म्हणलं, "बहन ने. बैठे बैठे." त्याले वाटलं, घरात बसून!

त्याले काय सांगू? तुहे पाय चालत नाईत, पण सकाळी बॅटरीची तीनचाकी तू शेताच्या कच्च्या वाटेनं, पांधणीनं अशी काढे का आमी मांगं पडू. विहिरीपाशी मोटर बंद करे अन् हँडलले बांधलेल्या मोबाईलवर वाकून बसे. पावलाचा आवाज नाई, तं पाखरं तुले भीतच नसत. मांगं बाबा छत्री घेऊन. तू खेकसे, "बाबा, सावली पडून राह्यली, सरक!" अन् तो मुकाट्यानं बाजूच्या कपाशीत, पऱ्हाटीत उतरून उन्हात उभा राहे. घरी येतानी तुह्यं तोंड असं फुललेलं का आई म्हणे, "कोनाच्या लग्नाहून आली वं?"

मंग पोळ्याच्या आधी ते झालं. बाबानं जेसीबी आणून विहिरीपाशी पांधणीवर आलेली बाभूळ पाडली. सुगरणीचे खोपे चिखलात, पिल्लं खाली. तू विचारलं, "काऊन पाडली?" बाबा म्हणला, "ट्रॅक्टर जात नव्हता." तवापासून तू त्याच्याशी बोलली नाई अन् गाडीवर बसली नाई.

गुंजन, आपल्याकडं ट्रॅक्टर हाय कुठं? किरायाचा येते, तो पलीकडच्या बांधाच्या धुऱ्यानं येते.

बाबानं मले आधी फोन केलता. "पाण्यापावसात तिची गाडी काळ्या मातीत फसते, मले आता ढकलनं होत नाई. मुरूम टाकून पांधण सपाट करतो. तिले सांगू नको." तू आंघोळीले गेली तवा त्यानं पऱ्हाटीच्या काडीनं चाकाचं माप घेतलं. बाभूळ आडवी येत होती. खालचे दोन खोपे त्यानं काठीनं चाचपून पाह्यले, रिकामे निघाले. तूच त्याले फोटो दाखवून सांगतलं होतं ना, नर अर्धे खोपे तसेच सोडून देते म्हणून? त्याले वाटलं, सगळेच सोडलेले हायेत.

बाभूळ पाडल्यावर त्याचा परत फोन आला तवा मी म्हणलं, "खरं सांगून टाक." तं म्हणे, "तुह्याच गाडीसाठी पाडली म्हणू का? मंग ते पिल्लं तिच्या जिवाले लागतीन. मले शिव्या देऊ दे." अन् रडला. बाबा रडते, हे मले तोवर माहीत नव्हतं.

त्यानं शपथ घातलती, मी मोडली. आता हे तुह्याबी उरावर आलं, समजते मले. पण आई सांगते, तो दोन घास खाऊन उठते अन् सकाळी एकटाच पांधणीनं जाऊन येते. कोनासाठी सपाट केली, अन् कोन चालून राह्यलं!

मेलेली पिल्लं परत येत नाईत. त्याले माफ कर, असंबी म्हणत नाई. त्यानं चहा आणून ठेवला तं कप तेवढा त्याच्या हातातून घेजो.

तुहा भाऊ,
आदेश

ता. क. तीन महिने चार्जिंग नाई, गाडीची बॅटरी बसली असंन. मुकेशजवळ नवीचे पैसे देऊन राह्यलो. माहे त्यात दीड हजारच हायेत. बाकी बाबानं माह्याकडं धाडले होते, "तुह्या नावानं दे, माह्या हातचे ती घेणार नाई" म्हणून. सगळे मिळून नऊ हजार.