खालची तार

इंदापूर, ता. ९ मार्च २०२५

चि. आसावरी हिस अ. उ. आ.

फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला बिनसतं, म्हणून पत्र. कागदावर कुणी मध्येच बोलत नाही.

तुमच्या बँडमधल्या ड्रमवाल्या दिग्विजयनं तुमचं नवं गाणं पाठवलं. ग्रंज म्हणतात म्हणे या प्रकाराला. सतरा वेळा ऐकलं. शेजारच्या रंगूबाई खिडकीशी येऊन विचारून गेल्या की भावजी, मिक्सरमध्ये खडा गेलाय व्हय.

मी संगीत कुणापुढं बसून शिकलो नाही; पेट्या खोलून, सूरपट्ट्या घासून शिकलो. तीस वर्षांत तालुक्यातल्या एकाही भजनी मंडळानं माझी दुरुस्त केलेली पेटी परत आणलेली नाही. म्हणून चुका स्पष्ट लिहितो. एक, गिटारवर सा आणि प वाजतात, गंधार कुठंच नाही. दोन, सगळ्यात खालची तार पूर्ण एक सूर उतरलेली आहे. तीन, आधी ऐकूच येत नाही आणि मग एकदम आरडाओरडा.

दिवाळीनंतर मी बाजारात गेलो असताना तू गिटार दारात ठेवून गेलीस. मला वाटलं, वाजवणं सोडलंस. मग हे कशावर वाजवतेस? आणि चार महिन्यांत इकडं फिरकली नाहीस, ते का?

आशीर्वाद आहेतच. उत्तराची वाट पाहतो.

बाबा


बारामती, ता. १६ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसूनच वाचलं आणि मिक्सरवर एकटीच हसले. रंगूबाईंना सांगा, खडाच हाय. शनिवारी माळेगावात दिग्विजयच्या गोठ्यामागच्या शेडमध्ये सराव करतो. कारखान्याच्या ट्रॅक्टरांपुढं आमच्या आवाजाची तक्रार कुणी करत नाही.

आता तुमच्या तीन चुका. आम्ही गिटारचा आवाज मुद्दाम फाडतो. फाटलेल्या आवाजात सा आणि प तग धरतात. गंधार घातला की सगळा चिखल होतो. शिवाय गंधार नसला की सूर सुखाचा की दुःखाचा हे ठरत नाही, ते ऐकणाऱ्यावर राहतं. आणि माझं नाव तुम्हीच ठेवलंत! आसावरी रागात वर चढताना गंधार कुठं असतो? आधी हळू, मग एकदम मोठ्यानं, हे तर मी आपल्याच घरात ऐकत आले.

खालची तारही मुद्दाम उतरवलेली असते, तुमच्या पेटीच्या हिशेबानं पांढरी तीनवरून पांढरी दोनवर. मग एका बोटानं तीन तारा दाबून सरकता येतं. दिवाळीत घरी आले तेव्हा गिटार तशीच लावून कोपऱ्यात ठेवली होती. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पुण्याला कार्यक्रम होता, एसटीला उशीर झाला, धावत स्टेजवर गेले आणि पहिल्याच घावाला लोक हसले. तार कुणी चढवली हे विचारायची गरज नव्हती. इतकी नेमकी चढवलेली होती. म्हणून न बोलता ठेवून गेले. हल्ली एका मैत्रिणीची वाजवते.

ते गाणं आईवर आहे, बाबा. सतरा वेळा ऐकून तुम्हाला चुका सापडल्या, आई सापडली नाही. त्याचं जास्त वाईट वाटलं.

वेळेवर जेवत जा. राग आहे, माया कमी नाही.

आसावरी


इंदापूर, ता. ३१ मार्च

चि. आसावरी हिस अ. उ. आ.

उत्तराला पंधरा दिवस लागले. काल पाडवा झाला. काठी धरायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून पेटीच्या रिकाम्या खोक्याला बांधून गुढी उभी केली.

शब्दांत मला तुझी आई सापडेना, तेव्हा सूर मोजायला बसलो. शेवटच्या ओळीला सगळी वाद्यं थांबतात आणि तू एकटी गातेस. तिथं गंधार येतो. तो कोमल नाही, शुद्धही नाही. पेटीवर शोधला, दोन पट्ट्यांच्या मध्ये तो कुठंतरी आहे, माझ्या पेटीत नाही. लिहिणार होतो की चौथी चूक सापडली. पेन उचललं आणि आठवलं, हा मी ऐकलेला आहे.

यशोदा भाकरी थापताना गुणगुणायची, तिचा गंधार नेमका इथंच पडायचा. मी बाहेरच्या खोलीतून पेटीवर बरोबरचा सूर धरून ठेवायचो. आधी आधी ती हसायची. मग थांबायची. शेवटच्या काही वर्षांत नुसता थापण्याचा आवाज यायचा. मी समजत होतो, वयानं दम लागतो.

तू कुठून ऐकलास तो? लहानपणी तू तिच्याजवळ चुलीशी बसायचीस, पेटीशी नाही.

काल दुपारी गिटार काढली. खालची तार पांढरी दोनवर उतरवली. किल्ली फिरवताना हात अडला. बरोबर लागलेली तार मी जन्मात कधी उतरवली नव्हती. तू लिहिल्याप्रमाणे एका बोटानं तीन तारा दाबल्या आणि घाव घातला. आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत आला. मध्ये अडवायला कुणी नव्हतं.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं गिटार घेऊन येतो. रस्त्यात धक्के बसतील, तार हलेल. मी हात लावणार नाही. तू लाव, आणि बरोबर लागली की नाही तेही तूच सांग. मी ऐकेन.

उरलासुरला लोभ रविवारपर्यंत सांभाळून ठेव.

तुझा,
बाबा