मझार जाऊ का?

उधना, सुरत
शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

चि. भूपेंद्र यास,

पप्पांचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. उत्तरायणाचा मांजा अजून वायरींना लटकतोय, दुकानासमोरून जाणारे लोक गळ्याला मफलर गुंडाळूनच गाडी चालवतात. मालती आत्याचा गुडघा थंडीने पुन्हा धरलाय. तिने तुझ्यासाठी तिळाचे लाडू दिलेत, ते पार्सलमध्ये ठेवले. गेमची सीडी ठेवायची की नाही, हे मात्र लिहायला बसलो तरी ठरलेलं नाही. पुण्याची ट्रॅव्हल्स संध्याकाळी सुटते.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून कागद घेतला. परवा तू म्हणालास, "पप्पा, चॅनेलवर पोस्टर टाकून झालंय. 'माझ्या बापाने बनवलेला गेम, रविवारी लाइव्ह.' आता तुम्ही नाही म्हणालात तर माझ्या इज्जतीचा फालुदा होईल." मी फोन ठेवला. रागाने ठेवला असं तू समजला असशील. समज.

आधी तुझ्या मागच्या व्हिडिओबद्दल. 'जुने व्हिडिओवाले गेम आज खेळावेत का?' म्हणजे कार्टूनऐवजी खऱ्या माणसांचं शूटिंग घातलेले. मी तो पूर्ण पाहिला. तू म्हणालास, चित्र काडेपेटीएवढं असायचं, कारण बनवणाऱ्यांना जमत नव्हतं. चूक. सीडी ड्राइव्ह ज्या वेगाने वाचायचा, त्यात तेवढंच चित्र मावायचं. मोठं केलं की अडखळायचं. ओठ आणि आवाज जुळावेत म्हणून आम्ही ते मुद्दाम लहान ठेवायचो. माहीत नसेल तर विचारायचं होतंस. बापाने असाच गेम केलाय.

दुसरं तू म्हणालास, 'यात खेळणं काहीच नाही, नुसतं बघणं, मध्येच एक बटण.' इथे तू अर्धा बरोबर आहेस. नट कच्चे, पर्याय दोनच, एक चुकला की मेलात, पुन्हा पहिल्यापासून. माझा 'तेरा नंबरचा लूम'ही तसाच आहे. मी बारावी नापास. एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर करता करता पुस्तकं उघडून प्रोग्रॅमिंग शिकलो. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या भगवंतकाकाचा कॅमेरा घेतला आणि लिंबायतमधल्या एका बंद पडलेल्या लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, हा गेम केला. खेळणारा सुपरवायझर, त्याने चोरीला गेलेली मोटर शोधायची. चोर भगवंत स्वतःच. त्याची चिकटवलेली मिशी दर दृश्यात थोडी खाली सरकलेली दिसते. लोक हसतील. हसू देत, भगवंतही हसेल.

पण एक दृश्य आहे.

खात्याच्या दारात एक बाई नवऱ्याचा डबा घेऊन उभी आहे. आत जाऊ का, असं ती तुला विचारते. तू सांगायचं, आत जा किंवा इथेच थांब. 'आत जा' म्हटलं की धूर येतो, ती किंचाळते आणि पडते. धूर ओल्या गोणपाटाचा. किंकाळी फार मोठी. आणि मेल्यावरही ती हळूच साडी सावरते. तुझे प्रेक्षक असल्याच तुकड्यांची वाट बघत असतात. मागच्या व्हिडिओत कुठल्याशा गेममधली मरणारी बाई तूच पुन्हा पुन्हा मागे-पुढे करून दाखवलीस, आणि खाली हसऱ्या तोंडांचा पाऊस पडला.

ही बाई तुझी आई आहे.

जरा उठलो होतो. आता पुढे लिहितो.

जयश्री गेली तेव्हा तुला चालायला लागून फार दिवस झाले नव्हते. शाळेत असताना तू विचारायचास, आईचा आवाज कसा होता? मी म्हणायचो, रेकॉर्डिंग नाही. ते खरंच होतं. भगवंतच्या टेपा मोठ्या पुरात गेल्या, सीडी कुठल्याच मशीनवर वाचली जात नव्हती. दिवाळीनंतर भंगारात एक जुना ड्राइव्ह मिळाला, दुरुस्त केला, आणि त्याने ती वाचली. कॉपीही करून ठेवली. तेव्हापासून दुपारी शटर अर्धं ओढून बसतो. गिऱ्हाईक वाकून विचारतं, "लोटूभाई, बंद छे के?" मी म्हणतो, "चालू छे." गेम चालतोय एवढंच तुला सांगितलं, त्यात आई आहे हे सांगणं रोज उद्यावर ढकललं.

तू म्हणशील, तेवढा तुकडा मोबाइलवर पाठवायचा होता. भगवंतही हेच म्हणाला, "टाक ना व्हॉट्सअॅपवर, पोरगं एकदा रडेल आणि मोकळं होईल." पाठवला नाही. तुकड्यात ती बोलते आणि संपते, समोर तू असलास काय, नसलास काय. गेममध्ये ती तुला विचारते आणि तुझ्यासाठी थांबते. असले गेम आज खेळावेत का, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

बाकी सगळ्या दृश्यांत मी वेळ बांधून दिलाय, उशीर केलात की मेलात. तिच्या दृश्यात नाही. शूटिंगच्या वेळी मी सारखा "चल, चल" करत होतो. ती म्हणाली, "माले घाई नका लावू." संवाद मी शुद्ध लिहून दिला होता, 'मी आत जाऊ का?' ती घरच्यासारखी अहिराणीत म्हणाली, "मझार जाऊ का?" पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा मझार. मी चिडलो. भगवंत म्हणाला, "राहू दे रे, खरी बाई वाटते." राहिलं.

आज सकाळी ते दृश्य काढून टाकायला बसलो होतो. कुणाला पत्ता लागला नसता. पण ती किंकाळी तिने जीव तोडून मारली होती. शेजारच्या खात्यातली माणसं धावत आली, आणि ही पदराआड हसत बसली. ते काढणारा मी कोण?

तर सीडी ठेवतोय. तुझ्या मशीनवर चालेल अशी कॉपी पेन ड्राइव्हमध्ये आहे. शनिवारी एकटा बस. रविवारी लोकांसमोर खेळायचं का, ते तू ठरव. मी फोन करणार नाही. लोक हसले तर मला राग येणार नाही, असं वर लिहून खोडलंय. राग येईल. पण तुला बोलणार नाही.

दाराशी पोचलास की लगेच बटण दाबू नकोस. ती विचारेल, पदर नीट करेल, तुझ्याकडे बघेल. मग डावीकडे, चित्राच्या बाहेर बघून हसेल, ओठ हलतील, आवाज येणार नाही. पुन्हा तुझ्याकडे. तू उत्तर देईपर्यंत हेच चालू राहतं. डावीकडे खांबाला झोळी बांधली होती. तिच्यात तू रडत होतास, म्हणून तेवढा आवाज मी काढून टाकला होता.

मी अजून एकदाही उत्तर दिलेलं नाही.

तिला दारात उभी ठेवून हे पत्र लिहिणारा,
तुझा पप्पा
लोटू