पिल्लांवरची मरळ

आबा, तुम्ही रिकामी होडी घेऊन परत यायचात, त्यातल्या किती वेळा ती खरोखरच नशिबाने रिकामी असायची? गेला आठवडाभर हा प्रश्न मी स्वतःला विचारते आहे आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. सुट्टीच्या दिवशी मी तुमच्याबरोबर असायचे, ते दिवस मला ठाऊक आहेत. शाळेच्या दिवशी मात्र तुम्ही एकटे जायचात. दुपारी मी घरी आले की माय चुलीपुढून विचारत असायची, "काय, आज मरळीला मुहूर्त न्हाई घावला का?" तुम्ही पाय धुता धुता म्हणायचात, "घावली न्हाई." एवढंच. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. त्या दोन शब्दांमागे काय असायचं, ते आता सांगायला कुणी नाही.

धरणावर बाकी सगळे जाळं टाकायचे. तुम्हाला गळाने मरळ धरायचा नाद. मुखेडच्या वेल्डरकडून करून घेतलेली ती पत्र्याची अरुंद होडी, दोघं बसलो की तिचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर राहायचा. पुढे तुम्ही, हातात बांबूची लांब काठी, तिला नायलॉनची दोरी आणि गळाला टोचलेली बेडकी. मागे मी, वल्हं घेऊन होडी धरायला. मरळ गवतात, बेशरमाच्या झुडपांखाली दबा धरून असते. तिच्यापुढे बेडकी अलगद पडायची तर होडी हलता कामा नये, आणि एकट्याने काठीही सांभाळायची आणि होडीही, हे अवघड. काका तुमच्याबरोबर यायचे नाहीत, गळ म्हणजे त्यांना रिकामटेकड्याचं काम वाटायचं. म्हणून मी. बाई होडीत बसली तर पाणी मासा देत नाही, असं काठावरचे लोक म्हणायचे. पहिल्या दिवशी कुणीतरी ते बोललंच, तर तुम्ही म्हणालात, "ती बाई न्हाई, वजन हाय." सगळे हसले आणि विषय संपला. मला फार राग आला होता. आता कळतं, मला त्या लोकांपुढून पाण्यावर न्यायचं तर असंच हसत हसत न्यावं लागणार होतं.

मी बडबडी. तुम्ही मला गप्प बसवलं नाहीत, तुम्ही मला वल्हं चालवायला शिकवलंत, आणि मी आपोआप गप्प झाले. "वल्हं पाण्याभाईर काढू नगं माय. थेंब पडला तरी तिला कळतंय." वल्ह्याचं पातं पाण्यातच ठेवायचं, आडवं वळवून पुढे न्यायचं, उभं करून मागे ओढायचं. मोठं वल्हं मला पेलेना तेव्हा तुम्ही बाभळीचं एक छोटं तासून दिलंत, मूठ काचेने घासून गुळगुळीत केलेली. दुसऱ्या मुलींना वाढदिवसाला फ्रॉक मिळायचे. मी ते वल्हं शाळेत दाखवायला नेलं होतं, आणि गुरुजींना वाटलं की मी मारामारीला आले आहे.

मग तो श्रावणातला रविवार. मी सातवीत आहे. बुडालेल्या बाभळींच्या कोपऱ्यात होडी शिरते आणि तुम्ही हाताने थांब म्हणता. समोर परातीएवढ्या जागेत पाणी उकळायला लागल्यासारखं दिसतं आहे. नीट पाहिलं तर ती पिल्लं आहेत, काडीएवढी, तांबूस, शेकड्यांनी, श्वास घ्यायला वर येऊन परत खाली जाणारी. आणि त्यांच्या खाली दोन लांब काळ्या सावल्या, संथ फिरणाऱ्या. नर आणि मादी. पिल्लांवर असलेली मरळ भुकेने नाही, रागाने तोंड टाकते. जवळ काहीही आलं की झेप घेते, म्हणून तिच्याइतकी सोपी मरळ दुसरी नाही. तुम्ही काठी आडवी ठेवलीत आणि मला हळूच म्हणालात, "माघारी घे." मी होडी माघारी घेतली. त्या दिवशी दुसरं काहीच लागलं नाही.

काठावर काका जाळं झटकत उभे होते. म्हणाले, "काय, आज बी वारा खाऊनच आलाव?" तुम्ही म्हणालात, "घावली न्हाई." बाजूचे दोघं हसले. मला ते हसणं सहन झालं नाही. मी सांगून टाकलं, "घावली व्हती की! दोन व्हत्या, पिल्लावर. बाभळीच्या कोपऱ्यात. आबांनीच सोडल्या." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. काका जाळं झटकत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या दोन्ही मरळी सायकलीच्या हँडलला लटकवून घरासमोरून गेले. त्यांच्याकडे पाहुणे आले होते, त्यांना दोष देत नाही. तुम्हीही कधी दिला नाहीत.

शाळा सुटल्यावर तुम्ही मला होडीत बसवून त्याच कोपऱ्यात नेलंत. पिल्लं होती अजून, पण विखुरलेली, आणि चिलापी माशांची धाड पडली होती. वरून पाणकावळा बुड्या मारत होता. आपण बराच वेळ बघत बसलो. मी रडत होते आणि त्याचबरोबर भांडतही होते, कारण शाळेत खरं बोलण्याबद्दल मला वही बक्षीस मिळाली होती. म्हटलं, "मी खोटं बोलले का? खरंच तर सांगितलं." तुम्ही म्हणालात, "खरंच बोललीस. कोण खोटं म्हणायलंय?" "मग मी खोटं बोलायचं व्हतं?" "गप बसायचं व्हतं. गप बसणं खोटं न्हाई माय." तुमच्याकडून मिळालेली बोलणी म्हणजे एवढीच. पुढे मी नववीत असताना तुम्हाला कावीळ झाली, ती पोटात उतरली आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. गप्प बसण्याची किंमत काय पडते, ते सांगायचं तुमचं राहून गेलं.

आता माझं सांगते. मी बी.एस्सी. झाले, आपल्या घरातली पहिली. एसटीने अहमदपूरला जाऊन-येऊन. प्राणिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत सरांनी बाटलीतली मरळ पुढे ठेवली होती, औषधात पांढरी पडलेली, ओळखू येऊ नये अशी. मी नाव सांगितलं, आणि मग ती पिल्लं कशी राखते ते सांगत सुटले. सरांनी चष्मा काढून विचारलं, "हे कोणत्या पुस्तकात वाचलंस?" मी म्हटलं, "वडिलांच्या होडीत." त्या दिवशी तुम्ही असायला हवे होतात. आता मी अहमदपूरलाच एका शाळेत तासिकेवर शिकवते, आणि आपल्या मच्छीमार संस्थेचे कागद लिहून देते, कारण दुसरं कुणी लिहिणारं नाही. संस्थेतली तुमची जागा रिकामीच होती. ती मला हवी होती. मासे विकायला मायबरोबर मी मुखेडच्या बाजारात बसतेच, पण सभासद असल्याशिवाय धरणात गळ टाकता येत नाही आणि सभेत बोलता येत नाही. मला सभेत एक गोष्ट मांडायची होती: श्रावण सरेपर्यंत उथळ कोपऱ्यांत कुणी जाळं-गळ टाकू नये. मरळ दरवर्षी कमी होत चालली आहे, हे सगळ्यांना दिसतं, बोलत कुणी नाही.

मारुतीच्या मंडपात सभा भरली. तुमच्या जागेसाठी काकांनी त्यांच्या मुलाचं नाव पुढे केलं. मी माझं. काका म्हणाले, "लिहायला तू हाईस की. पाण्यावर आमी हाव. कामून घोळ घालायलीस?" अध्यक्ष म्हातारे, मनाने वाईट नाहीत. हसत म्हणाले, "कागद राहू द्या. जो मासा धरतो तो मच्छीमार. पोरी, उद्या दिवस मावळायच्या आत एक मरळ आण, तुझ्या बापाची जागा तुझी." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही म्हटलं, "हाव." घरी आल्यावर माय भाकरी थापत म्हणाली, "तुझ्या बापाला रोज घावत न्हवती. तू कोण लागून गेलीस?" पण सकाळी उठले तर भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून तयार होता, आणि झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात पाच बेडक्या. त्या तिने कधी आणि कशा धरल्या, मी विचारलं नाही.

एकटीने होडी धरायची आणि काठीही. वल्हं गुडघ्याखाली दाबून धरलं. सकाळभर काही नाही. एकदा झेप आली, मी घाई केली आणि बेडकी गेली. ऊन चढलं, आणखी तीन गेल्या. दुपारी पाण्यात गेलेल्या जुन्या विहिरीच्या काठाशी आले आणि समोर पाणी उकळताना दिसलं. तांबूस पिल्लं, खाली दोन सावल्या. त्यातली एक माझ्या हाताएवढी लांब. डब्यात एक बेडकी उरली होती. मी ती गळाला लावली, काठी उचलली. खोटं सांगत नाही आबा, मी उचलली. आणि माझं शिकलेलं डोकं चालायला लागलं. ही एक जोडी गेली तर गेली, पण मला सभेत बोलता येईल, नियम होईल, आणि पुढच्या वर्षी अशा शंभर जोड्या वाचतील. हिशोब बरोबर होता. त्यात मला आजही चूक सापडत नाही. फक्त वर येऊन श्वास घेणारी ती पिल्लं समोर होती आणि शंभर जोड्या कुठेच दिसत नव्हत्या. हात भरून येईपर्यंत काठी तशीच धरून बसले. मग बेडकी गळावरून सोडवून गवतात टाकली आणि वल्हं पाण्याबाहेर न काढता माघारी आले.

काठावर पंधरा-वीस माणसं होती. एवढी तर जत्रेच्या कुस्तीलाही थांबत नाहीत. काकांनी होडीत डोकावून पाहिलं. मला सगळं सांगावंसं वाटत होतं. का आणली नाही ते सांगितलं असतं, तर माझ्या नियमासाठी त्याहून चांगलं भाषण झालं नसतं. शिकलेली आहे, मांडता येतं मला. पण पुढचा प्रश्न काय आला असता, तेही मला ठाऊक होतं: कुठं? आणि मी नाही सांगितलं तरी उथळ जागा मोजून चार-पाच. संध्याकाळपर्यंत शोधून काढली असती. मी म्हटलं, "घावली न्हाई." कुणीतरी म्हणालं, "मॅडम, पुस्तकात बघायची व्हती." सगळे हसले, अध्यक्षही.  आणि तेवढ्या हसण्यात मला तुम्ही दिसलात, त्याच काठावर, लुगड्याच्या धडप्याने हात पुसत, लोक हसत असताना होडी बांधणारे. मी लहानपणी त्या हसण्याची लाज धरली होती. आबा, मला तुमची लाज वाटली होती. ती जाऊन तिथे दुसरं काहीतरी आलं, त्याला नाव देत नाही. पण त्या दिवशी मी हरून घरी आले आणि पोटभर जेवले.

रात्री मायला सगळं सांगितलं. तिने ताटं गोळा केली, मग म्हणाली, "म्हंजे मी तवा उगंच बोलत व्हते त्याला." मी म्हटलं, सगळ्याच वेळी नसेल. ती म्हणाली, "आसंल न्हाईतर नसंल," आणि भांडी घासायला गेली.

अजून एक गोष्ट आहे, ती मी मायलाही सांगितलेली नाही. संस्थेच्या नियमांचे कागद माझ्याच हातात असतात. त्यात बाई नको असं कुठेच नाही, आणि एका दिवसात मासा धरून दाखवा असंही नाही. सभासदाच्या वारसाला जागा मागता येते आणि संस्थेने नाकारली तर वर, नांदेडच्या मत्स्य कार्यालयात अर्ज करता येतो. हे मला मंडपात बसले होते तेव्हाही माहीत होतं. तरी मी हाव म्हटलं, कारण मला ती जागा कागदाने नको होती. मोठी मरळ दोन हातांत धरून त्या सगळ्यांपुढून चालत जायचं होतं. एवढ्या हौसेपायी मी त्या जोडीवर काठी उचलली. माशाबद्दल गप्प बसायला तुम्ही शिकवलंत आणि त्याबद्दल मी तुमची जन्माची ऋणी आहे. पण मी स्वतःच्या हक्काबद्दलही गप्प बसले, ते तुम्ही शिकवलेलं नव्हतं.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, यात विहिरीची जागा लिहिली गेली आहे. पिल्लं सुटी होईपर्यंत तरी ते माझ्या पेटीत राहील.

सोमवारी सकाळी काकांकडे गेले आणि मी काय करणार आहे ते त्यांना आधी सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे माझ्या इरोधात जायलीस?" मी म्हटलं, "न्हाई काका, माझ्या बाजूनं जायलेय." काकूंनी चहा ठेवला होता, तो पिऊन निघाले. मुखेडहून नांदेडची एसटी धरली, तुमची वारस म्हणून माझ्या नावाने केलेला अर्ज कार्यालयात दिला आणि शिक्का मारलेली प्रत घेऊन संध्याकाळी घरी आले.