धुक्यातली हाक

झुरिच, ४ नोव्हेंबर १९१६

ती. बाबेटताईस,
सा. न. वि. वि.

चीज पोचलं. घरमालकीण वासाने नाक मुरडते आणि रोज तुकडा मागून नेते!

माझं ते जुनं स्वप्न मी ज्यांच्याकडे मनोविश्लेषण शिकते त्या डॉक्टरांना सांगितलं. धुकं, कंदील घेतलेली बाई, ‘कोरी, कोरी’ अशी हाक. ते खुर्चीतून उठलेच. ग्रीक पुराणात धान्याची देवी पळवलेल्या लेकीला दिवट्या घेऊन शोधते, त्या लेकीचं नाव कोरी! मला ग्रीकचा गंध नाही, म्हणजे या कथा माणसाच्या मनात उपजतच असतात, असं ते म्हणाले. पंचवीस तारखेला मला त्यांच्या मनोविश्लेषकांच्या मंडळापुढे यावर निबंध वाचायचा आहे. इथे बायका एकतर रुग्ण, नाहीतर टिपणं घेणाऱ्या. हा जमला तर मला स्वतः रुग्ण बघता येतील. फसला तर आहेच तुझ्याशेजारी भरतकाम.

आईलाही वाचून दाखव. मुलांना पापे.

तुझी आगाऊ,
रेगुला

हुंडविल, ९ नोव्हेंबर

चि. रेगुलीस अनेक आशीर्वाद.

पत्र आईला दाखवलं नाही. तुझी देवी खरी असेल, मला त्यातलं काय कळतंय? पण कोरी आपली बहीण होती. कोर्डुला. ती पाच वर्षांची, तू तीनची. धुक्यात तळ्यापाशी हरवली. आई कंदील घेऊन हाका मारत हिंडली. दोन दिवसांनी सापडली ती पाण्यात. बाबांनी ते नाव घरात बंद केलं.

सर्दीला जप. माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
बाबेट

झुरिच, १४ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

कोरीचं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, त्या वेळी तुझी आईच देवी झाली होती, बिघडलं कुठे? मात्र मंडळाला बहिणीचं सांगू नकोस, नाहीतर पुरावा उरणार नाही. मला काहीच उमगेना. देवी शोधतेय की आई? निबंध तीनदा फाडला.

एक गोष्ट त्यांनाही सांगितली नाही. स्वप्नात माझा तळवा ओला असतो, हातातून काहीतरी सुटल्यासारखा. ताई, कोरीचा हात मी सोडला का? खरं सांग, घास उतरत नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
रेगुला

हुंडविल, १७ नोव्हेंबर

चि. रेगुलीस आशीर्वाद.

तू नाही गं. हात माझ्या हातात होता. तू रडायला लागलीस, तुला कडेवर घ्यायला मी तो सोडला. नऊ वर्षांची होते मी. मग मीच रडत होते आणि तू माझे डोळे पुसत होतीस. तळवा त्यानेच ओला.

बावीस वर्षांनी काल आईला हे सांगितलं, तुझ्या निबंधाचंही.  ती म्हणाली, रेगुलीला कळव, निबंध वाच, आणि आपल्या कोरीचं नाव मोठ्याने घे.

तुझी,
ताई