आठ महिन्यांचं कुलूप

५ ऑगस्ट, मंगळवार

यानुआर आज स्वतः आला! फोन नाही, सेक्रेटरी नाही. कोळंबी-पापडांच्या वाळवणातून बूट वाचवत थेट माझ्या खुर्चीपाशी. नऊ वर्षांपूर्वी ह्याच शेडमध्ये त्याची साबण-तेलाची खोकी असायची. एक मोटरसायकल आणि तोंडभर स्वप्नं. मी त्याच्या धंद्यात जुन्या टेम्पोच्या किमतीएवढे पैसे घातले, तर माझी बायको तुतिक आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. आता त्याची पिकुलराया कंपनी एकवीस तारखेला शेअर बाजारात उतरणार. सुराबायातल्या प्रत्येक बसवर जाहिरात.

“पाक कार्सो, पहिला विश्वास तुम्ही टाकलात!” आदराचं ‘पाक’ म्हणत दोन्ही हातांनी माझा हात धरला. मग हळूच कागद काढला. जुन्या भागीदारांनी आठ महिने शेअर विकायचे नाहीत.

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी, पाक. नवीन लोकांना भरवसा वाटायला हवा ना.”

सही केली. पण ज्याच्या हाताखाली चारशे माणसं आहेत, तो एका सहीसाठी घाम पुसत का बसतो?

९ ऑगस्ट, शनिवार

आज बायकांची भिशी आमच्याकडे. मी मागे पाकिटं बांधत होतो, कान पुढच्या खोलीत. दर महिन्याला चिठ्ठी निघते, जिचं नाव तिला रक्कम. आज चिठ्ठीच काढली नाही!

बू रुमियाती, म्हणजे रुमियातीबाई — मासळीबाजारातली, गल्लीची सगळी सूत्रं हिच्याकडे, मला ‘चाक’ म्हणजे दादा म्हणते — म्हणत होती, “चाक कार्सोनी घेतले तेव्हा आपण हसलो. आता ते हसतायत. ह्या वेळी सगळी भिशी पिकुलरायात.”

“आणि बुडाले तर?”

“तर चाक कार्सोंच्या दारात चूल मांडू!”

खोखो हसल्या सगळ्या. मी चहाच्या निमित्ताने आत गेलो, तर एकदम गप्प. तुतिक म्हणते, “साखर संपलीय, आणता?” बरणी अर्धी भरलेली दिसत होती मला.

बारा घरांचे पैसे आहेत ते. त्यात बू रुमियातीच्या सुनेचं बाळंतपण आहे, पलीकडच्या म्हातारीचं छप्पर आहे. माझ्या नावावर विसंबून!

१३ ऑगस्ट

मागितले त्यातले अर्धेअधिक शेअर बायकांना मिळाले. गल्लीत लॉटरी लागल्यासारखा आनंद. कंपनी एवढी चांगली, तर एवढे शेअर ह्यांच्या वाट्याला उरले कसे?

२० ऑगस्ट, बुधवार

पिकुलरायाच्या ऑफिसात आज सलामतीचं जेवण. हळदीच्या भाताचा माणसाएवढा सुळका, भोवती कोंबडी, अंडी, भाज्या. मी पांढरा सदरा घातला होता. वाढप्यांनीही तेच घातलं होतं, हे तिथे गेल्यावर कळलं. कॉफीच्या पिंपाशी उभा होतो, तर सिंगापूरच्या फंडातली दोन माणसं आली. एकाने मला न बघताच कप पुढे केला. मी भरून दिला. धंद्यात कान उघडे ठेवायचे असतील तर हात चालू ठेवावेत.

“आपल्याला उद्यापासून मोकळीक आहे ना?”

“पहिल्या दिवसापासून. आठ महिन्यांचं कुलूप फक्त जुन्या किरकोळ भागीदारांना.”

“मग चढेल तसं हळूहळू काढायचं. घेणारे भरपूर आहेत.”

साखर किती, हेही विचारलं मी त्यांना!

पाच मिनिटांत यानुआरने माईकवर माझं नाव पुकारलं. सुळक्याचं टोक कापलं, केळीच्या पानावर ठेवलं आणि माझ्या हातात दिलं. सगळ्यांत मोठ्या मानाचा घास! समोर कॅमेरे. तो नाकारायला माणूस वेडाच हवा. मी घेतला, हसलो, खाल्ला. उद्या हा फोटो बघून किती लोक पैसे घालतील?

२१ ऑगस्ट, गुरुवार

पहिल्या तासातच भाव एक तृतीयांश वर. गल्लीत पोरांनी डबे वाजवले. बू रुमियातीने मोठा बांदेंग मासा भाजून पाठवला.

बायकांना सांगायला हवं होतं — आजच विका. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. बू रुमियातीला कळलं की दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराला कळणार. सगळे विकायला धावले तर भाव कोसळणार, आणि माझ्या शेअरांना कुलूप. वाळवणाची जागा मालक विकायला काढतोय. ती विकत घ्यायला माझी सगळी भिस्त ह्याच पैशांवर आहे. म्हणून गप्प बसलो. दुसरं कारण नाही. निदान इथे तरी खरं लिहावं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

तीन दिवस सलग खाली. यानुआर फोन उचलत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

ज्या भावाने बायकांना मिळाले त्याच्या अर्ध्यावर. गल्लीत मला कोणी काही बोलत नाही. तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तुतिक गुणगुणत भाजी चिरते. तिला कळलंच नाही की काय? की मला दाखवायला गुणगुणते? उद्या बू रुमियातीकडे जाऊन सगळं सांगणार. कॉफीचं, सिंगापूरवाल्यांचं, चपलांचं. भिशी मी भरून देईन. टेम्पो विकेन.

३० ऑगस्ट, शनिवार

सांगितलं. उभ्या उभ्याच. बू रुमियाती खवले काढत होती, सुरी थांबली नाही.

“आम्ही पहिल्याच सकाळी विकले, चाक. साडेनऊला. मी मासे विकते, दुपारपर्यंत ठेवत नाही.”

“तुतिकला माहीत होतं?”

“तिनेच तर विकले आमच्यातर्फे.”

“मग मला कोणी सांगितलं का नाही?”

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. “तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही त्यांच्यातले ना.”