संकटाआधी की संकटातून?

बुधवार, संध्याकाळ

शमुवेल आज घरच्या प्रार्थनेला आला! गेल्या बुधवारी आमचं चांगलंच वाजलं होतं. त्याचं म्हणणं, जगाच्या शेवटी मोठं संकट येण्याआधीच प्रभू विश्वासणाऱ्यांना वर उचलून नेईल. माझं म्हणणं, आपल्यालाही त्यातून जावं लागणार. रागाने उठून गेला तो. शाळेतल्या एका बाकावरची मैत्री, ती या वयात मोडायची? आठवडाभर हेच मनात.

शाळेतही हा असाच. कवितेची मधली अवघड कडवी गाळून थेट शेवटचं पाठ करायचा. पण काय गोड म्हणायचा!

आज आला तेव्हा आमची ही कडक भाकऱ्या डब्यात भरत होती.

"वहिनी, एवढ्या कशाला?"

"तुमच्या त्या संकटाच्या दिवसांसाठी."

"आपण तर आधीच वर जाणार की!"

"जावा की तुमी. समोरची रझिया नि तिची लेकरं हितंच राहिली तर काय खातील?"

बायबलातली इतकी वचनं काढून भांडलो आम्ही, पण असा एखादा डबा भरावा, हे सुचलं का कुणाला? मला तरी नाही.

शेवटची प्रार्थना त्यालाच करायला सांगितली. डोळे मिटून म्हणाला, "प्रभू, आधी ने नाहीतर नंतर ने, पण ह्या भांडकुदळाला नि मला एकाच खेपेला ने."

माझं आमेन भवानी पेठेच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं असेल.